गाडा सरळच होता

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगायची वेळच आली नाही, कारण तिने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ती गेली, त्याला चार वर्षं झाली. आता माहीत असलेला मी एकटाच उरलोय, आणि खरं सांगू — थकलोय.

मी सुतार. पाचोऱ्यात स्टेशनामागच्या गल्लीत माझं दुकान. पाट, पोळपाट, दारं-खिडक्या सगळं केलं, पण नाव झालं ते पांगुळगाड्याने. तीन चाकांचा, धरायला दांडा असलेला लाकडी गाडा — तुम्हीही लहानपणी ढकलला असेल. ‘नानाचा गाडा धरला की पोरगं आठवड्यात चालतं’ असं लोक म्हणायचे. खेड्यापाड्यांतून यायचे. भडगाव, चाळीसगाव, एकदा तर थेट धुळ्याहून एक आजोबा नातवाला मोटारसायकलवर पुढ्यात बसवून आले.

आता यातली गंमत ऐका. पोरगं भिंत धरून उभं राहायला लागलं की मगच लोक गाडा घ्यायला येतात. ते चालणारच असतं. माझा गाडा नसता तरी चाललं असतं, खाट धरून चाललं असतं, म्हशीची शेपटी धरूनही चाललं असतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! हे मला पहिल्या पाच-सहा गाड्यांतच कळलं होतं. पण कुणी पेढा हातावर ठेवला की मी काय म्हणायचो? म्हणायचो, बाभळीची चाकं आहेत बाबा, माझ्या हातची. आणि पेढा खायचो.

लता मागच्या गल्लीत राहते. तिचा सोहम दीड वर्षाचा झाला तरी पाऊल टाकत नव्हता. घरातले म्हणायचे, अंगाने जड आहे, त्याचा बापही उशिराच चालला. सासूने नवस बोलून ठेवला होता. लता मात्र गल्लीतली दुसरी पोरं पळताना दिसली की दार लोटून घ्यायची. हे मला बायकोकडून कळायचं. शेवटी लता आली माझ्याकडे. मी सागवानी गाडा करून दिला. खास, पोराची उंची मापून.

पंधरा दिवसांनी ती गाडा घेऊन परत आली. कडेवर सोहम.

“नाना, हाऊ गाडा उजवीकडेच जास. नीट करी द्या ना.”

मी गाडा घेतला. फरशीवर गेरूचं सूत मारलं, एक सरळ लाल रेघ. गाडा तिच्यावर ठेवून हलकेच ढकलला. दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, बोटभरही ढळला नाही. दुसऱ्यांदा ढकलला. तिसऱ्यांदा. मग मी म्हणालो, पोराला धरू दे.

सोहमने दांडा धरला. डाव्या हाताने घट्ट. उजवी मूठ मिटलेलीच, नुसती दांड्यावर टेकवलेली. डावा पाय उचलायचा, उजव्याचा अंगठा फरशीवर घासत यायचा. गाडा चार पावलांत रेघ सोडून उजवीकडे वळला.

मला दिसलं. तुम्हाला वाटेल, मागाहून शहाणपण सुचलं असेल म्हातार्‍याला. नाही. तेव्हाच दिसलं, त्या क्षणी. चाळीस वर्षं पोरांचे पाय बघत आलो होतो. दाराचं एक बिजागर गंजून धरलेलं असलं तर हात लावताच कळतं, तसं कळलं. गाडा सरळच होता.

लता माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते कसं सांगू? तिला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. आणि मी ते दिलं.

“तुना पोऱ्याले काही व्हयेल नई, माय. गाडाच वाकडा शे.”

तिने इतका मोठा श्वास सोडला की पोराने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

तुम्ही म्हणाल, दया आली असेल नानाला. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच सांगितलं. पण दया नव्हती हो. त्याच महिन्यात बाजारात प्लॅस्टिकच्या वॉकरचं दुकान उघडलं होतं. नानाच्या गाड्यावरही पोरगं चालेना, ही बोंब गल्लीत उठायला नको होती मला. वाकडा गाडा दुरुस्त करता येतो. पण नानाच्या गाड्यावर न चालणारं पोरगं — त्याचं काय करणार होतो मी?

मग मी दुरुस्ती केली. डाव्या चाकात चामड्याची चकती घातली, चाक अडून फिरेल अशी. म्हणजे पोर उजवीकडे वळवणार, चाक डावीकडे ओढणार, आणि गाडा दिसायला सरळ जाणार. दोन वेळा चकती तासून बघितली. हाताखालचं काम चोख करायची सवय ना! चांगल्या गाड्यात मी इतक्या कसबाने खोट घातली की पोराची खोट कुणाला दिसूच नये.

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, “त्या पोऱ्यानी उजवी मूठ उघडत नई. तुम्ही दखं का?” मी ताटावरून ओरडलो, तू काय डॉक्टरीण आहेस का? त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही, पण लताचा पोरगा दारावरून गेला की माझ्याकडे बघायची.

सोहम दोन वर्षांचा होता होता चालला. उजवा पाय ओढत. लताने पेढे आणले, मी खाल्ले. पाय ओढण्याला ‘सवय’ असं नाव पडलं. गाडा तिने परत आणून दिला, म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या लेकराला होईल. मी तो माळ्यावर टाकला, कुणालाही दिला नाही.

बालवाडीत घालायच्या वेळी बाईंनी हटकलं, तेव्हा त्याला धुळ्याला नेलं. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली होती, एक बाजू कमजोर. डॉक्टर म्हणाले, लहानपणीच व्यायाम सुरू झाला असता तर हात बराच सुटला असता. आईला दिसलं नाही का, असंही म्हणाले. मग ते वाक्य घरात सगळ्यांनीच उचललं. सासूने, नवऱ्याने, नणंदेने. आईला दिसलं नाही का?

लता माझ्या दुकानात येऊन रडली. “मालेच दिसनं नई, नाना.” मी तिला पाणी दिलं. एवढंच केलं.

मी काही डॉक्टर नव्हतो, हे खरं. पण मला डॉक्टर व्हायचंच कुठे होतं? तीन शब्द बोलायचे होते, माझ्या धंद्यातलेच. गाडा सरळ आहे. मग तिने स्वतःच पोराकडे नीट पाहिलं असतं. पाहिलंच होतं तिने. तीच तर आली होती ना माझ्याकडे! तिचे डोळे मी खोटे पाडले.

सोहम आता आठवीत आहे. दुकानावरून जाताना ‘नाना’ म्हणून हाक मारतो, डावा हात हलवतो. उजवा खिशात असतो.

गेल्या महिन्यात धाकटी सून पिंप्राळ्याहून नातीला घेऊन आली. नात चौदा महिन्यांची, अजून चालत नाही. सून मोबाइलवर कायकाय वाचून काळजीने अर्धी झालेली. मी जळगावला गेलो होतो तेव्हा तिनेच माळ्यावरून गाडा काढला, पुसला, आणि परत आलो तेव्हा नात अंगणात तो ढकलत होती. दोन्ही हातांनी, दोन्ही पाय टाकत. आणि गाडा सारखा डावीकडे जात होता.

“नाना, ही एकाच बाजूला का जाते हो?” सुनेचा आवाज चिरकला होता.

लता कुंपणाशी उभी होती, भाजी घेऊन चाललेली. तिने गाडा ओळखला. हसली, आत आली, सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

“घाबरू नको वं माय. तुनी पोरले काही व्हयेल नई. गाडाच वाकडा शे. मना सोहमना येळेबी असाच व्हता, नानानी नीट करी दिना.”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, हो ना, नाना?

मी हो म्हणालो.

ती गेल्यावर गाडा दुकानात नेला, डावं चाक उतरवलं आणि चकती काढली. गेरूचं सूत मारून गाडा ढकलला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघेवरून गेला.