नागोबाचं भोक आणि माझं सिमेंट

माझ्या सासुरवाडीच्या सरदार घराण्याचा बंगला मी एकट्याने, कोणाच्याही मदतीशिवाय, पाण्यात बुडवला. तोही डोंगरावर!

बंगला पोलादपूरच्या वर, डोंगराला पाठ टेकून बसलेला. बायकोच्या खापरपणजोबांना महाडचा उन्हाळा सोसेना, म्हणून त्यांनी दासगावच्या गवंड्यांकडून तो बांधून घेतला. जांभ्याच्या भिंती, सागवानी खांब, पुढे सावित्रीचं खोरं दिसेल अशी लांबलचक ओसरी. आणि ओसरीच्या जोत्यात, पायऱ्यांना लागून, एक भलंमोठं भोक. हे 'नागोबाचं भोक'. दर नागपंचमीला घरातल्या वडीलधाऱ्याने तिथे लाह्या वाहायच्या आणि बांबू घालून आत चांगलं ढवळायचं. (नागाला पुजायचं की डिवचायचं, हे घराण्याने एकदा ठरवायला हवं होतं!)

यंदा मेहुणेमंडळी बंगला विकायला निघाली. चुलतसासरे आबासाहेब, वय वर्षं ब्याऐंशी, यांनी एकच अट घातली: जुन्या घरांत पर्यटक उतरवणाऱ्या पुण्याच्या बाईंनी बंगला पसंत केला, तर विकायचा नाही. बंगला सजवायचं काम माझ्याकडे आलं. मी महाडचा शाळामास्तर. जबाबदारी म्हटली की माझी झोप उडते. पर्यटक पायरी चढतायत आणि शेजारी सापाचं बीळ? मे महिन्यातच मी गनीचाचांना बोलावलं. बंगला बांधणाऱ्या गवंड्यांचेच ते वंशज.

"चाचा, एवढं बुजवून टाका."

"नाय बुजवणार, सर."

"का?"

"आजा सांगून गेलाय, ह्याला हात लावायचा नाय."

"अहो, तुमच्या आजोबांना आर्किटेक्चरमधलं काय कळत होतं?"

चाचांनी बंगल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, थापी पिशवीत टाकली आणि चालू पडले. मग मोबाइलवर व्हिडिओ बघत मीच सिमेंट कालवलं आणि भोक लिंपून टाकलं. वर चुना फासला. कुणाला पत्ता नाही!

बाई आल्या त्या नेमक्या नागपंचमीला. यंदा आषाढ कोरडाच गेला होता, पण गेले चार दिवस पाऊस झोडपत होता. मी दिवाणखान्यात त्यांना घराण्याचा इतिहास ऐकवत होतो.

"ही फरशी बघा, कशी थंडगार!"

"थंड नाही, ओली आहे," बाई म्हणाल्या.

"जुन्या घरात थोडी ओल असायचीच."

"अहो," बायको दारातून ओरडली, "सतरंजी तरंगतेय!"

फरशीच्या सांध्यासांध्यांतून पाणी वर येत होतं. मेहुणे एकमेकांकडे बघून हसले. तेवढ्यात बाहेरून आबासाहेबांची हाक आली. एका हातात लाह्या, दुसऱ्या हातात बांबू.

"जावईबापू! आमचे नागोबा गेले कुठं?"

नशीब, त्या दिवशी पुरणाच्या दिंडांचा पहिला मान गवंड्यांच्या घराला असतो, त्यामुळे गनीचाचा हजर होते. त्यांनी चुन्याचा पट्टा पाहिला आणि पहार मागवली.

"सर, बाजूला व्हा."

"चाचा, मी समजावून सांगतो..."

एकच घाव! सिमेंट उडालं, मागोमाग पाण्याचा लोट आला आणि मला, माझ्या नव्या कुर्त्यासकट, पायऱ्यांवरून थेट अंगणात पोचवून आला. घटकाभरात दिवाणखान्यातलं पाणी ओसरलं!

बाई टाळ्या वाजवायला लागल्या. "म्हणजे डोंगरात मुरलेलं पाणी घराखालच्या पाटातून बाहेर काढलंय? म्हणून बंगल्याचा पाया हलला नाही! आणि तुम्ही ते आधी अडवून मग सोडून दाखवलंत! काय प्रात्यक्षिक आहे!"

खरं सांगायला हवं होतं. पण तोंडात चिखल होता. (हे कारण नव्हे, ही सोय होती.)

बंगला पसंत! मेहुण्यांची तोंडं एवढीशी झाली. आबासाहेबांनी डोळे पुसत स्वतःची शाल माझ्या ओल्या खांद्यांवर घातली, "घराणं राखलंत!" ती शाल मला पहारीपेक्षा जड झाली. मी तिथेच, सगळ्यांदेखत, पहिला घास घेणाऱ्या चाचांसमोर उभा राहिलो.

"चाचा, भोक मी बुजवलं होतं. तुमच्या आजोबांबद्दल बोललो ते चुकलं. माफ करा. ही शाल तुमची."

चाचांनी दिंडाचा घास शांतपणे गिळला.

"माफी ठीक हाय, सर. पण नुसती वाळूच कालवलीत म्हणून एका घावात निघालं. मी बुजवलं असतं तर बंगला गेलाच होता!"

म्हणजे घराणं राखलं ते माझ्या निकृष्ट कामाने. मी हात जोडून पुन्हा माफी मागितली, या खेपेस सिमेंटबद्दल.