असोद्याचा नेटकरी

इंटरनेट वापरणारी माणसं जगात चिक्कार आहेत, पण नेटकरी म्हणावा असा माणूस एकच, आणि तो जळगावजवळ असोद्याला राहतो. हे माझे थोरले साडू. बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा असल्यामुळे मला त्यांच्याबद्दल वाईट बोलता येत नाही, आणि साडू असल्यामुळे चांगलं बोलायची सवय नाही. तेव्हा पुढे जे येईल ते या दोहोंच्या मधलं समजावं. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणतो. केळी आणि कपाशी हा त्यांचा धंदा, पण तो कुणी विचारला तरच सांगतात. न विचारता सांगतात ते हे, की आपण नेटकरी आहोत.

हा शब्द त्यांच्या आयुष्यात माझ्यामुळेच आला, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. पोरानं त्यांना आपला जुना फोन दिला होता. एका सकाळी मी असोद्याला गेलो, तर आबा ओट्यावर पेपर घेऊन बसलेले. 'नेटकरी संतापले' या मथळ्यावर त्यांचं बोट अडकलं होतं.

"हे नेटकरी कुठले लोक हायेत, साडूभाऊ?"

"कुठले असे नाहीत, आबा. फोनवर इंटरनेट वापरतो तो नेटकरी."

"म्हंजे मी बी?"

"तुम्हीसुद्धा."

आबांनी पेपराची घडी घातली. "मंग मले कोनी इचारलं कसं नही? मी त कालपासून संतापेल नही."

दुसऱ्या कुणी हे हसून सोडून दिलं असतं. आबांना ते मनाला लागलं. आपल्या नावावर पेपरवाले परस्पर संताप छापतात आणि आपण निवांत चहा पितो, हे त्यांना खोटेपणाचं वाटलं. त्या दिवसापासून त्यांनी नियम केला, की नेटकऱ्यांची जी अवस्था पेपरात येईल ती आपण पाळायची. संतापले म्हटलं की ते संतापतात. एकदा कुठल्याशा नटीच्या कपड्यांवरून ते हातातला चहा निवू देऊन ओट्यावर तणतणत होते. ही बाई कोण, असं मी विचारलं. "मले काय मालूम?" आबा म्हणाले, "पन संतापा त लागतंच." एकदा पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी पेढ्याला हातही लावला नाही. व्याही घाबरले, मानपानात काही चुकलं की काय म्हणून हात जोडायला लागले. आबांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, "तुमचं कायी नही हो. आज आमच्यात हळहळ हाये."

फक्त एकदा त्यांनी या शिस्तीतून सुटका मागितली. 'दिलखेचक अदांवर नेटकरी फिदा' असा मथळा होता आणि तो त्यांच्याआधी अक्काने वाचला. अक्का म्हणजे माझी मेहुणी, तिला चष्मा लागत नाही. तिने पेपर आबांच्या पुढ्यात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "तुमी बी?" आबांनी गळ्याची शपथ घेतली, की त्या दिवशी ते केळीला पाणी द्यायला गेले होते आणि फोन घरीच होता. तरी दोन वेळा त्यांना स्वतःच्या हातानं वाढून घ्यावं लागलं.

पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेत आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अर्ध्या तालुक्याची नावं होती आणि प्रत्येक नावाखाली कंसात काहीतरी होतं. कुणी माजी सरपंच, कुणी चेअरमन, कुणी निवृत्त कंडक्टर. आबांच्या नावाखाली 'नेटकरी' असं छापलेलं होतं. ते वाचून माजी सरपंचांना खोकल्याची उबळ आली. आबांना त्याचं काही नव्हतं. "शेतकरी मी बापामुये झालो," ते मला म्हणाले, "सरपंच लोकायमुये होता येते. नेटकरी मी सोताच्या हिमतीवर हाये."

आणि हिमत होतीच. इंटरनेटवर जिथे लोक एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत असतात, तिथे आबा 'राम राम बठ्ठे', म्हणजे सगळ्यांना राम राम, असं लिहून शिरतात. कुणी घाणेरडी शिवी दिली, तर हे विचारतात, 'बेटा, गाव कोणतं? कोणाचा तू?' समोरचा बहुतेक वेळा गप्प होतो, कारण बापापर्यंत गोष्ट जाईल अशी भीती इंटरनेटवरही वाटते. ग्रुपवर कुणाच्या निधनाची बातमी आली की आबा आंघोळ करतात. आपलीच माणसं ना ती, मग सुतक नको का? मागच्या थंडीत ग्रुपवर मरणांची रांग लागली आणि आबा सर्दीनं आडवे झाले. डॉक्टरांनी कारण विचारलं, तेव्हा अक्काच म्हणाली, "मोठा समाज हाये त्यायचा."

या समाजाला त्यांनी भरीत खायला बोलावलं, तिथे खरी गंमत झाली, किंवा गंमत संपली म्हणा.

थंडीत मळ्यात भरीत करून माणसं जेवायला घालायची, ही आमच्याकडे चैन नाही, रीत आहे. आवतन द्यायचं, समोरच्यानं मान हलवायची, आणि मान हलवली की यायचं. न येणाऱ्याला पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही. आबांनी आपल्या पानावर लिहिलं: 'सर्व नेटकरी बंधूभगिनींना येत्या रविवारी दुपारी असोद्याच्या मळ्यात भरताचं आग्रहाचं आवतन.' खाली अंगठ्यांचा पाऊस पडला. बदाम आले, जिभा बाहेर काढलेली तोंडं आली. आबांनी प्रत्येक अंगठा म्हणजे हललेली मान धरली आणि त्या हिशेबानं वांगी तोडली. मी म्हटलं, "आबा, अंगठा म्हणजे येतो असं नसतं." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच कुणाच्या तरी जेवणाला हो म्हणून गेलो नव्हतो.

माजी सरपंच तर पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचे लोक हवेतले हायेत, आबा. हवेले भरीत वाढता का?" झालं, आता प्रश्न भरताचा उरलाच नाही. ज्यांना आपण रोज राम राम घालतो, ज्यांच्यासाठी थंडीत डोक्यावर पाणी घेतो, ती माणसं आहेत की नाहीत, एवढंच ठरायचं होतं. त्यासाठी एक तरी यायला हवा होता.

त्या रविवारी दुपारी मळ्यात कपाशीच्या काड्यांवर हिरवी लांब वांगी भाजली जात होती. अक्का आणि भावकीतल्या बाया ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटत होत्या. केळीची पानं धुऊन मांडली होती. सरपंचांसकट निम्मं गाव बांधावर येऊन बसलं होतं, पण आबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आवतन त्यायचं हाये. आंधी पाव्हणे, मंग तुमी." भरीत ठेचून झालं, कांद्याची पात पडली, तेलाची फोडणी बसली. रस्त्यावर कुणी नाही. फोन मात्र सारखा वाजत होता. 'आबा, फोटो टाका!' 'तोंडाला पाणी सुटलं!' 'आम्ही मनाने तिथेच आहोत!'

"मनानं हायेत म्हने," आबा हळूच म्हणाले. "मनाले कसं वाढू?"

बांधावर कुणीतरी फिसकन हसलं. आबा रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत आलो, पण त्या वेळी मला सरपंचांना बांधावरून खाली ढकलावंसं वाटलं. गरम पुऱ्या गार झाल्या. "वाढते आता," असं अक्का दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा स्वतःच थांबली.

मग एक रिक्षा आली. त्यातून साठीच्या पुढच्या एक बाई उतरल्या. हातात कापडी पिशवी, पायात चपला, बसच्या धुळीनं पांढरे झालेले केस. त्या बांधावरच्या एवढ्या मोठ्या गर्दीला बघून जरा बिचकल्या.

"आबांचा मळा हाच ना? मी धुळ्याहून आले, देवपूरहून. मी अंगठा दिला नव्हता. चालेल का?"

आबा पान सरळ करायला धावले. अक्कानेच पुढे होऊन त्यांच्या पायावर पाणी घातलं. आबांनी विचारलं, "ताई, तिथं फोनवर तुमचं नाव काय असते? मी त बठ्ठ्यायले ओळखतो."

"मी काही लिहीत नाही हो," बाई म्हणाल्या. "नुसती वाचते." मग पानावर बसता बसता त्यांनी अगदी सहज सांगितलं, आणि सांगताना घरच्या बोलीत शिरल्या. "तुम्ही रोज सांजले इचारतस ना, जेवण व्हयनं का बठ्ठासनं म्हनीसन? घरमा आते मी एकलीच शे. दुसरं कोनी इचारस नही. मी ताट लिसन बठस आनि व्हयनं म्हनस. मोठ्यानं म्हनस."

आबा रोज संध्याकाळी 'जेवण झालं का सगळ्यांचं?' असं विचारतात, आणि धुळ्यातल्या एका घरात ताटावर बसून कुणी मोठ्यानं 'झालं' म्हणतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्यांचं पान फक्त हसण्यासारखं काही सापडलं तर वाचायचो.

आबांनी स्वतःच्या हातानं त्यांना वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि तिखट लागून डोळे पुसले, किंवा तिखटाचं निमित्त झालं. मग आबा बांधाकडे वळून म्हणाले, "बसा रे आता. पंगत लागली." सरपंच सगळ्यात आधी उठले, पण बसले नाहीत. पुऱ्यांची टोपली घेऊन वाढायला लागले. कुणीतरी फोटो काढायला फोन वर केला, तर आबांनी हातानंच खाली करवला. "पाव्हणी जेवते हाये. जेवू दे तिले."

बाई संध्याकाळच्या बसनं परत गेल्या. अक्काने त्यांच्या पिशवीत वांगी कोंबली आणि येत जा म्हणून चारदा बजावलं. त्या अजून आल्या नाहीत. धुळं तसं लांबही नाही, पण उतारवयात जवळही नाही.

परवा मी असोद्याला होतो. दिवेलागणीला आबांनी फोन काढला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत 'जेवण झालं का बठ्ठ्यायचं?' हे रोजचं लिहिलं. लिहून झाल्यावर फोन खिशात घातला नाही, हातात धरून बसून राहिले. खाली भराभर अंगठे उगवत होते, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"उत्तर आलं का?" मी विचारलं.

"त्या बाई लिवत नही ना," आबा म्हणाले. मग फोन खिशात घालत म्हणाले, "पन 'झालं' म्हटलं अशीन त्यायनं."