मोजणीवाल्यांना पाजलेलं पाणी

काल बरकतपुऱ्यातल्या घरी वहिनीने त्याच पोचे पडलेल्या तांब्यातून पाणी ओतलं आणि मी मनाने थेट विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो.

उदारीकरणाचे दिवस होते. सरकारी कारखाने विकण्याला तेव्हा सुधारणा म्हणत. माझा थोरला भाऊ अण्णा अशाच एका कारखान्यात फिटर होता आणि त्याच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. आमच्या आमदारांनी विक्रीबद्दल प्रश्न टाकला होता. तो पुकारला गेला तेव्हा गॅलरीत अण्णा, वहिनी आणि मी तिघंही पुढे सरकलो.

मंत्री उठले, त्यांनी शाल सावरली आणि कागद वाचला, "असा कोणताही प्रस्ताव नाही."

मग आमदारांनी वहिनीने आदल्या दिवशी पुरवलेला प्रश्न बाहेर काढला. "साहब, बेचना नहीं है तो जमीन नापे कायकू? नापनेवाले क्वार्टर में पानी पीके गए!"

सभागृह हसलं. मंत्र्यांनी कागद उलटून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. "माहिती घेऊन सांगतो," ते म्हणाले.

गॅलरीत टाळ्यांना बंदी, म्हणून अण्णाने माझी मांडी अशी दाबली की ती दोन दिवस दुखत होती. वहिनी पुटपुटली, "माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायले मेले!"

आम्हाला वाटलं, जिंकलो. खरं तर सरकार फक्त अडखळलं होतं. पण ती माहिती घ्यायला त्याला चार वर्षं लागली. कारखाना विकला गेला त्या दिवशी निवृत्त अण्णा याच तांब्याने गुलाबाला पाणी घालत होता.