बोटभर लहान

रोज सकाळी तोंड धुण्याआधी आगोश्तोनबाबा खोलीच्या कोपऱ्यातल्या चुलीपाशी जायचे. हिरव्या टाइलांची, पुरुषभर उंचीची, खोली उबदार ठेवणारी ती चूल त्यांच्या आज्याने रचली होती. खालून तिसऱ्या ओळीवर ते उलटा हात ठेवायचे, कालची ऊब किती उरली ते बघायचे आणि आकडा सांगायचे. सून पिरोश्का अंगणातून तेवढीच लाकडं आणायची.

त्यांच्या मुलाला, पिरोश्काच्या नवऱ्याला, लोरिंत्सला पुरलं त्या सकाळीही त्यांनी हात ठेवला होता. "सहा," म्हणाले. तिने सहा आणली.

लोरिंत्स परमुलखात बांधकामावर गेला आणि परांचीवरून पडला. टाइला पाडायचा, चार पिढ्यांनी वापरलेला नासपतीच्या लाकडाचा साचा बापाने त्याच्या शवपेटीत ठेवला. कोणी अडवलं नाही. पिरोश्काला तेव्हा एवढंच दिसलं की साच्यातल्या पक्ष्याच्या पंखात अजून माती अडकली आहे.

जाण्याआधी लोरिंत्सने तिहामेर मास्तरांच्या चुलीसाठी साठ टाइला भाजून ठेवल्या होत्या. तेवढ्याच अजून हव्या होत्या. मास्तर घाई करत नव्हते. शेजारची रेबेकाकाकी मात्र म्हणाली, "मास्तर दोन हिवाळे गोधडीत बसून शिकवतात. पोरांना वाटतं, त्यांना पायच नाहीत." पिरोश्काला दुसरं काही नको होतं, फक्त त्या साठ टाइला कुठेतरी उभ्या राहाव्यात, त्यांच्यामागे जाळ पेटावा.

उन्हाळ्यात एकदा बाबा आपणहून गोठ्यामागच्या कामाच्या खोलीत शिरले. लोरिंत्सची एक टाइल घेऊन त्यांनी तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढला. मग दोघं कामाला लागली. ते माती दाबायचे, ती झिलई चढवायची. महिन्याभराने भट्टी उघडली. पिरोश्काने नवी टाइल उचलून लोरिंत्सच्या टाइलवर ठेवली. चारी बाजूंनी जुनीची कड बाहेर दिसत होती.

वीतभर ओली माती भाजेपर्यंत बोटभर आटते. म्हणून साचा मोठा कोरायचा, भाजलेल्या टाइलवरून कधी काढायचा नाही. या घरातली पोरं हे चालायला लागल्या लागल्या शिकतात.

"बाबा, तुम्हाला हे ठाऊक होतं."

"होतं." त्यांनी हात पँटला पुसले. "काढताना आठवलं नाही."

मग त्यांनी सांगितलं की सगळ्याच फोडू, गल्लीत चिखल फार होतो तिथे टाकू, मास्तर लोखंडी चूल घेतील. आवाज चढला नव्हता की पडला नव्हता. ते हातोडी शोधायला लागले. पिरोश्का दारात उभी राहिली.

"त्याच्या टाइला फोडायच्या नाहीत," ती म्हणाली.

तिने एकेक करून सगळ्या टाइला अंगणात नेल्या. लोरिंत्सच्या खाली मांडल्या, नव्या त्यांच्यावर, सगळीकडून थोड्या आत सरकवून. दोन्हींच्या मध्ये अरुंद कट्टा तयार झाला. बाबा हातोडी घेऊन बघत राहिले.

"चुलीचा वरचा भाग आत घेऊ," ती म्हणाली. "कट्ट्यावर मास्तर मोजे वाळत घालतील."

हातोडी खाली ठेवून ते म्हणाले, "मोजे नाही. सफरचंदं ठेवतील, हिवाळ्यात मऊ होतात."

ऑक्टोबरात त्यांनी मास्तरांकडे चूल रचली. पहिला जाळ चूल रचणाऱ्याने लावायचा असतो. बाबांनी काडेपेटी तिच्या हातात दिली. धूर सरळ वर गेला. तिने तिसऱ्या ओळीवर उलटा हात ठेवला आणि वाट बघितली. टाइल हळूहळू तापत गेली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. मास्तरांनी आलुबुखाऱ्याची दारू ओतली, तिघांनी ती उभ्यानेच प्यायली.

फेब्रुवारीत एका सकाळी लाकडं घेऊन ती आत आली, तेव्हा बाबा चुलीलगतच्या बाकावर टाइलांना पाठ टेकून बसले होते. तिने लाकडं रचली, काडी लावली, चुलीचं दार लावलं. मगच तिचं त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. तो बाकाखाली लोंबत होता.

रेबेकाकाकीने नंतर विचारलं, शेवटचं काही बोलले का. पिरोश्काने आठवून जसंच्या तसं सांगितलं.

"आज पाच आण. आणि दुपारी मास्तरांना सांग, राख काढा म्हणावं. ते विसरतात."