मावसाजींचा ब्रेक

बिघडलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणं, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे सौसरचे आमचे मावसाजी. शाळेत ते इतिहास शिकवायचे, पण त्यांचा खरा जीव पाना आणि पेचकसात. मी तेव्हा सौसरला नोकरीत नवा होतो, दोन्ही वेळचं जेवण मावशीकडे, त्यामुळे त्यांच्या दुरुस्त्यांचा मी नाइलाजाचा साक्षीदार. त्यांनी दुरुस्त केलेला पंखा एकाच वेगानं फिरायचा, तो म्हणजे तुफान. त्या घरात वर्तमानपत्र वाचायचं तर चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवाव्या लागत. त्यांनी उघडलेलं भिंतीवरचं घड्याळ मनाला येईल तेव्हा ठोके द्यायचं आणि मावशी त्यावर बिनदिक्कत कुकर लावायची. प्रत्येक दुरुस्तीनंतर चार-दोन स्क्रू उरत. ते एका डब्यात टाकत मावसाजी म्हणायचे, "बनवणारे लोक जास्तीचेच लावतात बापू. आपण हलकं करून देतो."

या सगळ्या संसारातलं मानाचं पान म्हणजे त्यांची जुनी काळी मोटार. एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली, आणि तिच्या डिकीतून संत्र्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही. ही गाडी ब्रेक लावला की अशी करकरायची, की बाजारातली माणसं मान वर न करता म्हणत, "मास्तर आले." मावशीनं शंभरदा सांगितलं, की लोधीखेड्याच्या मिस्त्रीला दाखवा. मावसाजींचं उत्तर ठरलेलं असे, "तो काय माह्यापेक्षा जास्त पाहीन? त्यालेबी दोनच डोये आहेत."

ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा नळीवाटे काढणं हा मावसाजींचा आवडता कार्यक्रम होता. त्यात ते चाकाशी आडवे पडत आणि त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे आमची ताई, आत बसून पायानं ब्रेक दाबत असे. "दाब" म्हटलं की दाबायचं, "धर" म्हटलं की धरून ठेवायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं. पाय पुरायला लागला तेव्हापासून हे काम तिचंच. मी एकदा बसून पाहिलं, तर मावसाजी तोंडावरचं तेल पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "उतर बापू. तुह्या पायात समज नाही."

त्या वर्षी ताईचं लग्न पांढुर्ण्याला जमलं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मुलाकडे ठरलं आणि मावसाजींनी पाहुण्यांसमोर शब्द देऊन टाकला, की पोरगी बापाच्या गाडीतूनच येईल. आणि नेमकं आदल्या दिवशी गाडीनं असा काही आवाज काढला की गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. मावशी ओट्यावर येऊन म्हणाली, "आयकून घ्या. संध्याकाळपर्यंत गाडी धड थांबली नाही, तर उद्या मी पोरीले बसनं नेते. तुम्ही या मागून करकर करत." दिलेला शब्द असा पणाला लागल्यावर मावसाजींनी बनियन चढवलं आणि जॅक काढला.

चाक उतरलं, ड्रम निघाला. ब्रेकच्या पट्ट्या पार झिजून रिव्हेट ड्रमला घासत होते. बाकीच्या चाकांचीही तीच गत. पण मावसाजी हरणारे नव्हते; नागपूरहून आणलेल्या नव्या पट्ट्या त्यांनी कधीपासून देवघरात जपून ठेवल्या होत्या. लोखंडाला मान द्यावा, हा त्यांचा घरातला कायदा. दुपारपर्यंत त्यांनी त्या चारी चाकांना बसवल्या. गाडी अंगणातून निघाली ती इतकी मुकाट की आम्ही टाळ्या वाजवल्या. मावसाजींनी खिडकीतून विजयी नजरेनं आमच्याकडे पाहिलं, ब्रेक दाबला, आणि तशीच नजर ठेवून ते फाटकातून बाहेर गेले. शेजारच्या पाटलांच्या अंगणात कापसाचा ढीग होता, म्हणून गाडी थांबली. ढिगातून आवाज आला, "करकर गेली का नाही?"

"करकर गेली, पण ब्रेकबी गेला ना जी!" मावशी ओरडली. मग तिचा चेहरा उतरला. "अगं माय! दरसाल दसऱ्याले मी त्या पट्ट्याइले तेल-कुंकू लावते ना. तुम्हीच सांगतलं होतं, अवजारासोबत त्याइचीबी पूजा कर म्हणून."

डोक्यावरचा कापूस न झटकताच मावसाजींनी जॅक उचलला. पुन्हा चारी चाकं उतरली. पेट्रोलनं धुऊन, काचपेपरनं घासून आम्ही पट्ट्यांवरची कित्येक दसऱ्यांची भक्ती काढली. आता हवा काढायची, तर ताईच्या दोन्ही हातांना ओली मेंदी. मावशी नको नको म्हणत असताना ती गाडीत जाऊन बसली. "मेंदी हाताले लागली आई, पायाले थोडीच लागली!"

दुसऱ्या दिवशी जामसावळीच्या मारुतीला नमस्कार करून आम्ही पांढुर्ण्याला पोचलो. गाडी मांडवाच्या दाराशी अलगद थांबली. इतकी अलगद, की आम्ही आलो हे कुणाला कळलंच नाही आणि स्वागताला कोणी आलं नाही. मावसाजींना हे फार लागलं.

लग्न झालं, ताई सासरी गेली. काही महिन्यांनी एका रविवारी मावसाजी माझ्या खोलीवर आले. "चाल बापू, पांढुर्ण्याले. ब्रेक करकर करून राहिला." रस्ताभर मी कान देऊन बसलो होतो. शेवटी म्हणालो, "मावसाजी, आवाज तर काहीच येत नाही."

"तुले नाही येत. मले येते."

व्याह्यांच्या अंगणात त्यांनी चहा येण्याआधीच जॅक लावला. डोक्यावरचा पदर सावरत ताई येऊन गाडीत बसली. दोघांनी एकमेकांना कसं काय, बरं आहे, असं काही विचारलं नाही. मावसाजी चाकाशी आडवे झाले. "दाब." तिनं दाबलं. "धर." तिनं धरलं. मी शेजारी उकिडवा बसलो होतो, मला दिसत होतं. नळीतून हवेचा एक बुडबुडासुद्धा येत नव्हता, नुसतं स्वच्छ तेल. मावसाजींनी तोंडावरून बाही फिरवली.

"बाबा, सोडू का?" ताईनं आतून विचारलं.

"थांब बाई," मावसाजी गाडीखालून म्हणाले, "धर अजून थोडा वेळ."