शेवटच्या स्टेशनाच्या पुढे

केबिनचं दार उघडून मोटरमन डब्यात आला आणि मला बघून दचकला. गाडी बोगद्यात उभी होती. डब्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन स्लाइड दुरुस्त करत होते.

"आप यहाँ क्या कर रही हैं?"

"रिटर्न," मी म्हणाले.

आमच्याकडे एवढ्या एका शब्दात काम भागतं. दिल्लीत भागलं नाही.

मी पाट्या बनवते. दुकानांच्या नव्हे. हॉस्पिटलात किंवा मोठ्या ऑफिसात आलेल्या माणसाला कोणालाही न विचारता कुठे जायचं ते कळावं, म्हणून जे बोर्ड, बाण आणि जमिनीवरचे रंगीत पट्टे असतात, त्यांची आखणी करणं हे माझं काम. याला आम्ही वेफाइंडिंग म्हणतो. ऑफिस ठाण्यात वर्तकनगरला, घर डोंबिवलीला. त्या दिवशी दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात अकरा वाजता प्रेझेंटेशन होतं. हे काम गेलं तर आमचे नाईक सर डिझाइन विभाग बंद करणार होते. विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर.

सर आदल्या दिवशीच पोचले होते. मी सकाळच्या विमानाने गेले आणि त्यांना कळवलं, "मेट्रोने येते, ट्रॅफिकचा भरवसा नाही." सर घोडबंदर रोडला राहतात. त्यांना हे लगेच पटलं.

दिल्ली मी पहिल्यांदाच बघत होते आणि जमिनीखालचं स्टेशनही. पण हरवले अजिबात नाही. जिथे माणूस थबकतो, इकडे जाऊ की तिकडे असं होतं, त्या जागेला आमच्यात डिसिजन पॉइंट म्हणतात. तिथे बोर्ड हवाच. इथे प्रत्येक डिसिजन पॉइंटवर बोर्ड होता. मी एकदा गाडी बदलली, दोन जिने चढले, तीन उतरले आणि कोणाला काही न विचारता बरोबर प्लॅटफॉर्मवर पोचले. वाटेत दोन बोर्डांचे फोटोही काढले.

तेवढ्यात सरांचा फोन आला.

"कांबळे मॅडम, तुम्ही रात्री पाठवलेलं बघतोय. पहिल्या स्लाइडवर आपलं कल्याणचं जुनं हॉस्पिटल आहे!"

"बदलते सर. गाडीत बसून बदलते."

पण गाडी आली ती खच्चून भरलेली. उभ्याने लॅपटॉप उघडणं शक्य नव्हतं. समोरच्या प्लॅटफॉर्मवर मात्र उलट दिशेची गाडी रिकामी उभी होती.

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. सीट हवी असेल तर आधी उलटं जायचं. शेवटच्या स्टेशनला सगळे उतरतात तेव्हा आपण बसून राहायचं. तीच गाडी फिरली की रुबाबात बसून परत यायचं. नकाशात बघितलं, शेवटचं स्टेशन फक्त दोन स्टेशनं मागे होतं. मी धावत जाऊन पहिल्या डब्यात बसले.

शेवटचं स्टेशन आलं. सगळ्यांनी उतरावं, अशी अक्षरं दारावर झळकली. तीच सूचना दोन भाषांत ऐकवली गेली. प्लॅटफॉर्मवरच्या गार्डने हातानेही खूण केली. मी तिन्हींकडे दुर्लक्ष केलं. या सूचना नवख्यांसाठी असतात, अशी माझी समजूत. गार्ड डब्यात डोकावला तेव्हा मी सँडलचा पट्टा लावायला खाली वाकले. तो पट्टा लागलेलाच होता.

दारं बंद झाली आणि गाडी पुढे निघाली. शेवटच्या स्टेशनाच्या पुढेही काही असतं, हे मला तेव्हा कळलं. गाडी तिथे बोगद्यात थांबते. मोटरमन आतूनच चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि तिथून ती उलटी चालवत आणतो. तर तो चालायला निघाला होता आणि वाटेत मी होते.

त्याने वॉकीटॉकी काढला. "एक लेडी पैसेंजर अंदर हैं. कह रही हैं, रिटर्न."

"रिटर्न मतलब?" पलीकडून आवाज आला.

"सीट के लिए," मी खुलासा केला.

त्यात सरांचा फोन. "कुठे पोचलात?"

"सर, यार्डात."

"यार्डात? मालगाडीने येताय का तुम्ही?"

गाडी परत प्लॅटफॉर्मला लागली तेव्हा दोन महिला गार्ड माझी वाट बघत होत्या. त्यांनी मला स्टेशनच्या साहेबांच्या खोलीत नेलं.

"बोर्ड पढ़ा था?" साहेबांनी विचारलं.

"पढ़ा था."

"समझ में आया?"

"बहुत अच्छा बोर्ड है, सर."

"आप करती क्या हैं?"

मी मुकाट्याने कार्ड दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि गार्डना दाखवलं. त्यातली एक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी हिंदीत माफीनामा लिहून दिला आणि पुढचा सगळा प्रवास उभ्याने केला.

पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. तोवर सरांनी सगळ्यांना दोनदा चहा घ्यायला लावला होता आणि ठाण्याच्या तलावांची माहिती सांगून संपवली होती.

"ट्रैफिक बहुत था," सर घाईघाईने म्हणाले.

"मेट्रो में?" हॉस्पिटलच्या प्रमुख मल्होत्रा मॅडमनी विचारलं.

मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं. सांगताना भयंकर लाज वाटली. इतकी वर्षं लोक बोर्ड वाचत नाहीत म्हणून मी चिडत आले होते. सरांनी डोळे मिटून घेतले. विभाग बंद झाला, असं मी मनात धरूनच चालले.

मल्होत्रा मॅडम उठल्या आणि मला खाली आयसीयूच्या मागच्या दाराशी घेऊन गेल्या. दारावर तीन बोर्ड होते, तिन्ही 'प्रवेश निषेध'. त्या बोर्डांखालून नातेवाईक डबे घेऊन आरामात आत जात होते.

"आप होतीं तो रुकतीं?"

मी नीट बघितलं. अक्षरं मोठी, रंग लाल, उंची बरोबर. नाव ठेवायला जागा नव्हती.

"नहीं."

"क्यों?"

"दरवाज़ा खुला है."

काम आम्हाला मिळालं. लॅपटॉप उघडावाच लागला नाही. माझी पहिली शिफारस होती, तिन्ही बोर्ड काढा आणि दाराला लॅच बसवा.

"मॅडम, आपण बोर्ड विकतो," परतताना विमानतळावर सर कळवळून म्हणाले.

तेही खरंच. पण आता कुठलाही बोर्ड पास करण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. डोंबिवलीची बाई सीटसाठी याच्याकडे दुर्लक्ष करेल का? उत्तर 'हो' आलं, की मी लॅच सुचवते.