कोचविरुद्ध एक पत्रक

डब्लिनजवळच्या मेनूथला पीएचडी करत होते तेव्हा, २०१७च्या सुमारास, मला एका माणसाचा मनापासून मत्सर वाटायचा. तो अमेरिकन फुटबॉलचा कोच होता. हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढवून एकमेकांवर आदळण्याचा हा खेळ आयर्लंडमध्ये फारसं कुणी बघत नाही. हा गृहस्थ अमेरिकेतल्या लहान लहान कॉलेजांत संघ घडवत आलेला. शेवटच्या कॉलेजनं संघच बंद केला, त्याच्या बायकोला डब्लिनला नोकरी लागली, आणि तो आमच्या विद्यार्थ्यांना फुकट शिकवू लागला.

मी पत्रकांवर वाढले. आईबाबा कामगार चळवळीत. पुण्याच्या आमच्या घरी आधी पत्रकांच्या घड्या घातल्या जायच्या, मग ताटं मांडली जायची. मेनूथमध्ये खोल्यांची भाडी भडकली तेव्हा मी भाडेकरू विद्यार्थ्यांचा गट काढला. बैठकीला पाच-सहा डोकी. कोचच्या सरावाला, आडव्या पावसातही, चाळीस.

त्यातलं एक डोकं मुळात माझं होतं. माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा नागपूरचा मित्र. गटाच्या पहिल्या बैठकीपासून माझ्यासोबत. देह प्रचंड. शाळेपासून ‘ढोल्या’ ऐकत आलेला, फोटोत कायम मागच्या रांगेत. शरीराच्या अपमानावर मी त्याला किती वाचायला दिलं होतं! कोचनं त्याला कँटीनच्या रांगेत पाहिलं आणि म्हणाला, “मला तुझी गरज आहे.” बस. त्यानंतर हा ताठ चालायला लागला.

मग डब्लिनचा भाडेवाढविरोधी मोर्चा आणि मोसमातला शेवटचा सामना एकाच शनिवारी आले.

“तू येतोयस ना?”

“नाही जमणार गं. डावीकडून येणाऱ्यांना मीच अडवतो. मी नसलो तर चेंडू फेकणारा पोरगा चेंगरून जाईल.”

“आणि मोर्चाचं काय?”

“मोर्चात मी नसलो तर कोणाला समजणार पण नाही.”

आमच्या घरातल्या कुणीही केलं असतं तेच मी केलं. पत्रक काढलं. शीर्षक : ‘माणूस म्हणजे भिंत नव्हे’. कोच तरुणांची शरीरं वापरतो, त्यांना प्रश्न न विचारता हुकूम पाळायला शिकवतो, असं सगळं. सरावाआधी मैदानाच्या फाटकात उभी राहून एकेकाच्या हातात दिलं.

“कोच,” एक आयरिश पोरगा ओरडला, “ही तुम्हाला हुकूमशहा म्हणतेय!”

“निदान जिंकणारा हुकूमशहा म्हण म्हणावं!” कोच तिकडून ओरडला.

सगळे खिदळले. कोचनं मात्र पावसात उभं राहून दोन्ही बाजू वाचल्या, कागद भिजू नये म्हणून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला. “इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी काही छापलं नव्हतं,” तो मला म्हणाला. “आमच्या गावच्या पेपरात नुसता स्कोअर यायचा, तोही चुकीचा. हे मी आईला पाठवू?”

तो टोमणा मारत नव्हता. मी वाद घालायच्या तयारीनं आले होते. आता घालू कुणाशी?

मित्र पत्रक घेऊन माझ्यासमोर आला. “हे काय लिहून राहिली तू? मी भिंतच आहे. पहिल्यांदा कोणीतरी माझ्या आडोशाला निर्धास्त उभं राहतंय.” हेल्मेट चढवून तो निघून गेला.

मोर्चा मोठा झाला. आपला आवाज शेजारच्याला ऐकू जाऊ नये इतका. संध्याकाळी घरी आले तर हा स्वयंपाकघरात खांद्याला फ्रोझन मटारची पिशवी लावून बसलेला.

“धुव्वा उडाला आमचा,” तो म्हणाला. चेहरा मात्र फुललेला. “तुझा मोर्चा?”

“ग्रँड,” आयरिश लोक ‘ठीक’ला म्हणतात तसं मी म्हटलं आणि वरणभात गरम करायला घेतला. एवढ्या गर्दीतून आले होते, पण घरी पोहोचलीस का, असं विचारणारा एकही फोन आला नव्हता.

फोन वाजला तो त्याचा. त्यानं एका हातानं स्पीकरवर टाकला. कोच होता. खांदा कसा आहे, विचारत होता. आज काही खाल्लंस का, तेही. मी गॅस बारीक केला आणि पाठमोरी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.